खानदेशात गरीब घरांतील मुलांसाठी मोफत उन्हाळी शिबिर घ्यायचे आहे. तयारी कोठून सुरू करावी?

आपण मजूर व अल्पभूधारक कुटुंबांतील मुलांसाठी मे महिन्यात मोफत व्यक्तिमत्त्व विकास शिबिर भरवू इच्छिता. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी अशा शिबिरांत मी शिकवतो. माझे सांगणे असे की, व्याख्याते ठरवण्याआधी घरोघर जाऊन कोणते मूल कशामुळे येऊ शकणार नाही, हे विचारावे. शुल्क नसले तरी शेतात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) वेचायला जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो आणि आई मजुरीला गेल्यावर धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलीला घर सोडता येत नाही.

एका शिबिरात सहावीतली एक मुलगी भावाला कडेवर घेऊन व्हरांड्यातूनच वर्गात डोकावत उभी राहायची. आम्ही व्हरांड्याच्या दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती दाराशी बसून गणिते सोडवू लागली आणि पाठोपाठ इतर मुलीही भावंडांना घेऊन आल्या. म्हणून लहान भावंडांना मज्जाव नसावा आणि त्यांच्यासाठी गावातल्याच एखाद्या आजीबाईंना मानधन देऊन बसवावे.

शिबिर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण, आटोपल्यावरच ठेवावे. गौराई आणि झोके सोडून मुली येणार नाहीत, आणि त्यांनी यावे असे मलाही वाटत नाही. तोवर ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही बहुधा परतलेली असतात. पारा 44-45 अंशांवर जात असल्याने सकाळी 7 ते 10 हीच वेळ योग्य. सुटीत शाळेतला पोषण आहार एरवी बंद असतो, त्यामुळे बिस्किटांचा पुडा देऊन भागवू नये. बचत गटाच्या महिलांकडून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मटकीची उसळ पोटभर मिळेल, अशी सोय करावी.

तासभराची भाषणे मुलांच्या डोक्यावरून जातात. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांची बारीकसारीक कामेही स्वतः करीत; मुलांशी वागण्याची ती रीत मला आजही अधिक जवळची वाटते. पहिले काही दिवस मुलांना अहिराणी किंवा पावरी या घरच्या बोलीत मोकळेपणाने बोलू द्यावे, म्हणजे मागे बसणारी मुलेही तोंड उघडतात.

सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे लागते. रोज अर्धा तास बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घ्यावेत आणि शिबिर चालू असतानाच पालकांना सोबत नेऊन सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज भरून द्यावा, कारण पेरणी सुरू झाली की त्यांना तालुक्याला जायला सवड मिळत नाही.