पर्ड्यूच्या सामन्याचे 'शुक्रवारचे तिकीट' आणि संकेतस्थळाची हमी

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठातून एमएस करून तुम्ही आता न्यू जर्सीतल्या एडिसनला नोकरी करता. यंदा अमेरिकी विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेत (एनसीएए) पर्ड्यूचा बाद फेरीतला पहिला सामना प्रत्यक्ष पाहायचाच, असे ठरवून तुम्ही रविवारी रात्री संघांची यादी जाहीर होताच एका पुनर्विक्री संकेतस्थळावर पैसे भरले. आणि तिकिटावर 'पहिली फेरी, शुक्रवार' एवढेच लिहिलेले असून आसन कोणते हे 'सामन्याच्या सुमारास कळवू' असे उत्तर तुम्हाला मिळाले आहे. काळजी करावी का, असे तुम्ही विचारता. करावी, आणि आजच करावी.

आधीच सांगतो, मी वकील नाही, तिकिटांच्या धंद्याशी माझा संबंध नाही, आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलत असतात. मानांकने (प्रत्येक गटात एक ते सोळा, पहिले सर्वांत बलाढ्य संघाला) कशी ठरतात, संघ कोणत्या गटात जातात वगैरे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही. माझे म्हणणे फक्त 'शुक्रवार' या एका शब्दापुरते आहे, कारण त्याच शब्दाने माझा घात केला.

पहिल्या फेरीच्या प्रत्येक ठिकाणी आठ संघ येतात. पहिल्या दिवशीचे चार सामने दोन सत्रांत विभागलेले असतात: दुपारच्या सत्रात दोन आणि संध्याकाळच्या सत्रात दोन. मधल्या वेळात संपूर्ण स्टेडियम रिकामे केले जाते. पहिल्या सत्राच्या तिकिटावर दुसऱ्या सत्रात प्रवेश मिळत नाही, आणि एक दिवस सोडून होणाऱ्या दुसऱ्या फेरीचे तिसरे सत्र वेगळेच असते. म्हणजे 'शुक्रवारचे तिकीट' नावाची वस्तू मुळात अस्तित्वातच नाही. ते पहिल्या सत्राचे तरी असते किंवा दुसऱ्या सत्राचे. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो शुक्रवार एवढेच लिहितो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात अजून तिकीटच नसते. आधी तुमचे पैसे घ्यायचे, मग बाजारात जे स्वस्त मिळेल ते उचलून तुमच्या गळ्यात मारायचे, असा हा व्यवहार असतो.

17 मार्च 2023 रोजी, ओहायोतल्या कोलंबसच्या नेशनवाइड अरीना या स्टेडियममध्ये, दुपारी मिशिगन स्टेट विरुद्ध यूएससी आणि मार्क्वेट विरुद्ध व्हरमाँट हे सामने होते. संध्याकाळी सहा पन्नासला पर्ड्यू विरुद्ध फेअरली डिकिन्सन, आणि त्यानंतर मेम्फिस विरुद्ध फ्लोरिडा अटलांटिक. माझ्या खरेदीच्या पानावर ठळक अक्षरांत 'पर्ड्यू, पहिली फेरी' असे लिहिलेले होते. इंडियानापोलिसहून कोलंबस गाडीने जेमतेम तीन तासांवर. दुपारच्या जेवणानंतर पर्ड्यूच्या रंगाचा काळा सदरा चढवून निघालो. वाटेत फोनवर तिकीट आले तेव्हा गाडी चालवत होतो, त्यामुळे ते उघडून पाहिले ते थेट प्रवेशद्वारापाशी. यंत्राने लाल दिवा दाखवला. दारावरच्या वयस्कर बाईंनी माझा फोन हातात घेतला, बोटांनी अक्षरे मोठी केली आणि अतिशय सौजन्याने सांगितले की हे सत्र दुपारीच संपले.

इथपर्यंतचे नुकसान भरून येण्यासारखे होते. बाहेर संध्याकाळच्या सत्राची तिकिटे मिळत होती; महाग होती, पण मिळत होती. खरा अनर्थ त्या संकेतस्थळाच्या मदतकक्षाने केला. मी फोन लावला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने मला दोन वाक्ये सांगितली. पहिले, 'आम्ही पर्यायी तिकीट शोधत आहोत, कृपया प्रतीक्षा करा.' दुसरे, 'तुम्ही स्वतः दुसरे तिकीट घेतल्यास त्याची भरपाई मिळणार नाही.' या दोन वाक्यांनी माणूस जागच्या जागी बांधला जातो. आता पर्यायी तिकीट येईल, मग येईल, म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. कानाला लावलेल्या फोनमध्ये तीच सनई, म्हणजे त्यांचे ते प्रतीक्षेचे संगीत, अखंड वाजत होते. मधूनच नवा आवाज यायचा, नव्याने ऑर्डर क्रमांक विचारायचा, आणि तिकीट योग्य तारखेचे व योग्य स्टेडियमचे असल्याने आमच्याकडून चूक झालेली दिसत नाही, असे मलाच ऐकवायचा. मग पुन्हा सनई.

आतून गर्जना ऐकू येत होत्या. पहिला अर्धा वेळ मी समजत होतो की त्या आपल्याच लोकांच्या आहेत, कारण पर्ड्यूचे लोक कोलंबसला गाड्या भरभरून आले होते. पण तटस्थ मैदानावर पहिल्या मानांकनाचा संघ अडखळू लागला की उरलेले सगळे स्टेडियम दुबळ्या संघाचे होते: पुढच्या सामन्यासाठी आलेले मेम्फिसचे लोक, फ्लोरिडा अटलांटिकचे लोक आणि सहज म्हणून आलेले कोलंबसकर. गर्जना वाढत गेल्या तसे माझ्या लक्षात आले. नाशिकला माझा धाकटा भाऊ पहाटे चार वीसला उठून सामना पाहत होता आणि मला निरोप पाठवत होता. भिंतीपलीकडे काय चालले आहे हे मला नाशिकहून कळत होते. फेअरली डिकिन्सन 63, पर्ड्यू 58. पर्यायी तिकीट शेवटपर्यंत आले नाही.

त्या पराभवाची थोरवी तुम्हाला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्या मानांकनाच्या संघाला हरवण्याची ही फक्त दुसरी वेळ होती. पहिली 2018 मध्ये व्हर्जिनियाच्या नशिबी आली होती. फेअरली डिकिन्सन हा त्या वर्षी विद्यापीठ बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतला (डिव्हिजन वन) सर्वांत बुटक्या खेळाडूंचा संघ, आणि आपल्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक इडी. त्याने 21 गुण आणि 15 रिबाउंड मिळवले, पण त्याच्याभोवती दोन-दोन, तीन-तीन खेळाडूंचा वेढा पडला आणि मोकळ्या सोडलेल्या आपल्या पोरांचे लांबचे फटके बसेनात. फेअरली डिकिन्सनकडून सर्वाधिक, 19 गुण, शॉन मूरने केले, आणि तो पोरगा कोलंबसचाच.

पुढे संकेतस्थळाने मला काय दिले? पुढील खरेदीवर वापरण्यासाठी एक कूपन, तेही मुदतीचे. त्यांच्या 'शंभर टक्के हमी'चा अर्थ मला तेव्हा कळला. हमी असते ती पैशांची, आणि तीही भांडल्यावर. आत जाऊन बसण्याची हमी कोणी देत नाही. माणूस मात्र हमी हा शब्द वाचून निर्धास्त होतो. मी कूपन नाकारले आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली. खरेदीच्या वेळी त्या पानाचे छायाचित्र फोनमध्ये घेऊन ठेवले होते आणि त्यावर पर्ड्यूचे नाव स्पष्ट होते, म्हणून बरीच पत्रापत्री होऊन पैसे परत मिळाले. संकेतस्थळाने त्याबद्दल माझे खातेच बंद केले, याचे मला आजतागायत दुःख झालेले नाही.

आता तुमच्याविषयी. आजच त्यांना लेखी विचारा, फोनवर नव्हे: तिकीट कोणत्या सत्राचे, कोणत्या विभागातले, कोणत्या रांगेतले. उत्तर गोलमोल आले तर लेखीच सांगा की मला पर्ड्यूचा सामना असलेल्या सत्राचेच तिकीट हवे आहे, अन्यथा व्यवहार रद्द करावा. खरेदीचे पान अजून दिसत असेल तर त्याचे छायाचित्र आत्ताच घेऊन ठेवा, कारण पुढे ती पाने गायब होतात. पैसे डेबिट कार्डाने भरले असतील तर बँकेशी भांडणे अधिक अवघड जाते, असा माझा समज आहे. तुमच्या बँकेला विचारून खात्री करून घ्या. आणि मदतकक्षातून कोणी 'प्रतीक्षा करा' म्हटले तर प्रतीक्षेची वेळ तुम्ही ठरवा. सामन्याआधी दोन तास ही माझ्या मते शेवटची मर्यादा. त्यानंतर भरपाईचा विचार सोडून द्यावा आणि जे खात्रीचे तिकीट मिळेल ते, खिशाला झेपत असेल तर, घेऊन मोकळे व्हावे. एक आणखी: तिकीट कोणी पाठवले तर ते तुमच्या स्वतःच्या खात्यात हस्तांतरित झालेले असले पाहिजे. बारकोडचे छायाचित्र पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण हल्लीचे बारकोड ठरावीक वेळाने बदलतात आणि छायाचित्र दारावर चालत नाही.

तिन्ही सत्रांचे एकत्र तिकीट घ्यावे का, असेही तुम्ही विचारले आहे. माझे मत ठाम नकारार्थी आहे, आणि ते अनेकांना पटत नाही हेही मला माहीत आहे. पहिल्या दिवशी आठांपैकी चार संघ बाहेर पडतात. त्यांच्या चाहत्यांकडे दुसऱ्या फेरीची तिकिटे असतात आणि त्यांना घरी जायचे असते. त्या रात्री बाजारात येणारी तिकिटे बहुधा आधीपेक्षा स्वस्त असतात, आणि ती खरीखुरी, विकणाऱ्याच्या हातात असलेली असतात. संघ जिंकला तर ती घ्या. हरला तर तुमचे पैसे वाचले. 2023 च्या त्या शुक्रवारी रात्री कोलंबसमध्ये रविवारची तिकिटे विकायला काढणारे सगळे काळ्या-सोनेरी कपड्यांत होते. दीर्घकाळाचा विचार असेल तर विद्यापीठाला मिळणाऱ्या कोट्यातून तिकीट मिळवणे सर्वांत सुरक्षित. तिथे जॉन पर्ड्यू क्लबच्या देणगीदार सदस्यांना प्राधान्य मिळते, त्यामुळे नव्या पदवीधराने लगेच फार आशा धरू नये.

तुम्ही न्यू जर्सीत राहता म्हणून थोडे विषयांतर, खरे तर विषयांतर नाहीच. आपल्या संघाला या राज्याने जितके रडवले तितके कोणी रडवले नसेल. डिसेंबर 2021 मध्ये आपण देशात पहिल्या क्रमांकावर असताना तुमच्या घराशेजारच्या पिस्कॅटवेमध्ये रटगर्स विद्यापीठाच्या रॉन हार्पर ज्युनियरने शेवटच्या क्षणी जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकला आणि 70-68 ने हरवले. मार्च 2022 मध्ये जर्सी सिटीच्या, पंधरावे मानांकन असलेल्या सेंट पीटर्सने 67-64 ने घरी पाठवले. जानेवारी 2023 मध्ये पुन्हा रटगर्स, या वेळी आपल्याच मॅकी अरीनामध्ये, 65-64. आणि मग मार्चमध्ये फेअरली डिकिन्सन, तेही न्यू जर्सीचेच. तेव्हा कार्यालयात तुमची चेष्टा होते, असे तुम्ही लिहिले आहे, ते मी पूर्ण समजू शकतो. मात्र याचा एक फायदाही आहे. पर्ड्यूचा संघ ज्या मोसमात रटगर्सला खेळायला येतो त्या मोसमात तुम्हाला विमान, हॉटेल काही लागत नाही. ते स्टेडियम आठ हजारांचे, लहान आणि कर्णकर्कश आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या आठवड्याच्या मधल्या दिवशीचा साखळी सामना मार्चच्या सामन्यापेक्षा रंगतदार असू शकतो. काळा सदरा घालून त्यांच्या विद्यार्थ्यांच्या रांगांजवळ मात्र बसू नका.

घरचे लोक 'त्या पोरांशी तुझे काय नाते' असे विचारतात, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. आमच्या घरीही तोच प्रश्न विचारला जातो. मित्र मला आजही म्हणतात की तो सामना तू पाहिला नाहीस हे बरेच झाले. मला ते पटत नाही. 2021 मध्ये नॉर्थ टेक्सासकडून अतिरिक्त वेळेत झालेला पराभव, सेंट पीटर्सचा पराभव आणि मग कोलंबस, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांना 31 मार्च 2024 रोजी डेट्रॉइटमध्ये टेनेसीला 72-66 ने हरवून 1980 नंतर प्रथमच शेवटच्या चारांत पोहोचल्यावर जे वाटले, ते मला तेवढे वाटले असे मी म्हणू शकत नाही, जरी त्या दिवशी इडीने केलेले 40 गुण मी आत बसून मोजले होते. अंतिम सामन्यात कनेटिकटने 75-60 असे सहज हरवले. भारतात तेव्हा गुढीपाडव्याची सकाळ होती, आणि आमच्या नाशिकच्या घरी त्या वर्षी गुढी अंमळ उशिरा उभारली गेली, याबद्दल भावाला अजून बोलणी खावी लागतात.

त्यांनी तुम्हाला काही लेखी उत्तर दिले तर ते इथे जसेच्या तसे मांडा, फक्त ऑर्डर क्रमांक आणि स्वतःचे नाव झाकून. बुधवार रात्रीपर्यंत सत्र क्रमांक मिळाला नाही तर रद्द करण्याचे पत्र कसे लिहावे, यात मी मदत करीन; माझे जुने पत्र अजून जपून ठेवलेले आहे.