वाचकांचे प्रश्न : करार झाला, उत्सर्जनाचं काय?

प्रश्न : मुक्त व्यापार करारामुळे एखाद्या विकसनशील देशाचं कार्बन उत्सर्जन किती बदललं, हे प्रबंधासाठी काढायचं आहे. करारानंतरच्या आकड्यातून आधीचा वजा केला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. त्या वजाबाकीत मंदी, नवी औष्णिक केंद्रं, पाऊस कमी झाल्याने घटलेली जलविद्युत असं सगळंच मिसळतं. सुरुवात करा ती करारासोबतच्या शुल्काच्या तक्त्यापासून. एकेका मालापुढचा जुना दर आणि करारातला दर ताडून बघा. पुष्कळ मालावर शुल्क आधीच शून्य असतं. त्या ओळी खोडून टाका. उरलेल्या सवलतीही सगळ्या वापरल्या जात नाहीत. माल मूळचा त्याच देशातला असल्याचा दाखला मिळवण्याची कटकट सवलतीपेक्षा महाग पडली, तर व्यापारी नेहमीचं शुल्क भरून मोकळे होतात.

मग उत्पादन खरंच वाढलं का, ते तपासा. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणारा माल नुसता करारातल्या देशाकडे वळला असेल, तर त्या देशाकडची निर्यात फुगलेली दिसते, पण कारखान्याचा धूर तेवढाच राहतो. हिशोब घसरतो तो बहुधा इथेच.

जी वाढ खरी ठरेल तिला टनामागच्या उत्सर्जनाने गुणा. मात्र गुणक त्या देशाच्या विजेवरून काढा, जागतिक सरासरी नको. ॲल्युमिनियमचंच बघा. ॲल्युमिनापासून (बॉक्साइटपासून मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीपासून) एक टन धातू काढायला सुमारे १४,००० युनिट वीज लागते. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तरी नुसत्या विजेचेच १४ टन होतात. तोच कारखाना जलविद्युतवर चालला, तर मुख्यतः कार्बनचे ॲनोड (भट्टीत वीज सोडणारे कार्बनचे ठोकळे) झिजून होणारे दीडेक टन उरतात. शुल्कसवलत दोन्हीकडे तीच!

आयातही मोजा. मेक्सिकोने २००५ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांना वाट मोकळी करून दिली. अमेरिकेत लवकरच भंगारात गेल्या असत्या अशा गाड्या तिथे आणखी कितीतरी वर्षं धावत राहिल्या.

प्रश्न : उत्पन्न वाढत गेलं की प्रदूषण आधी चढतं आणि मग आपोआप उतरतं ना?

उत्तर : हा आलेख ज्या अभ्यासामुळे गाजला, तो जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी नाफ्टाच्या (अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या) निमित्ताने १९९१ मध्ये केला होता. त्यात सल्फर डायऑक्साइड आणि धूर तपासले होते. या वायूने आणि धुराने आपल्याच शहराचा घसा धरतो, म्हणून लोक ओरडतात आणि नियम येतात. कार्बन डायऑक्साइड कोणाच्या घशाला जाणवत नाही. तो आलेख त्याला लावू नका.

प्रश्न : युरोपीय संघाशी करार असेल तर सीमेवरचा कार्बन आकार माफ होतो का?

उत्तर : नुसत्या करारामुळे होत नाही. करार सीमाशुल्क उतरवतो; हा आकार वेगळा, तो माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचं बंधन लागू झालं. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती पुराव्यानिशी वजा मिळते. कारखान्याने स्वतःची मोजमापं दिली नाहीत, तर ठरावीक आकडे लावले जातात आणि कमी उत्सर्जन करणाऱ्या कारखान्याला ते बहुधा महागात पडतात.