रविवारी उघडी असते म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत न्यावी का?

प्रश्न: तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. वय ६१. आमचा आठवडी बाजार रविवारी, त्या दिवशी साठ-सत्तर हजारांचा गल्ला होतो. बँक १४ किलोमीटरवर. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असते, आता सगळेच शनिवार बंद होणार म्हणतात. गावातली पतसंस्था बाजारच्या दिवशी रात्री आठपर्यंत उघडी असते, पिग्मीवाला दुकानात येऊन पैसे नेतो, ठेवीला साडेनऊ टक्के देतात. बँकेत माझी ९ लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांवर आहे, दोन महिन्यांत तिची मुदत संपते. बचत खात्यात तीनेक लाख असतात, त्यातूनच टेम्पोचा हप्ता दर १० तारखेला कापला जातो. सगळं पतसंस्थेत आणावं असं मनात आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं फोनवर करा, बँक हवीच कशाला. मला फोनचा भरवसा नाही. सौ. विचारतात, मग घरात किती ठेवायचे? सल्ला द्यावा.

उत्तर: नऊ लाखांचं आधी सांगतो, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. ती ठेव पतसंस्थेत नेऊ नका. बाजारच्या गल्ल्यासाठी मात्र त्याच पतसंस्थेचा खुशाल वापर करा. ऐकायला उलटसुलट वाटेल, पण आधी एक आठवून बघा: ठेवीतले नऊ लाख गेल्या पाच वर्षांत कुठल्या रविवारी संध्याकाळी लागले? रविवारी तुम्हाला लागतं ते गल्ला ठेवायला ठिकाण. त्यासाठी आयुष्याची पुंजी हलवायची गरज नाही.

पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात माणूस ओळखून दहा हजार रुपये हातावर ठेवणारं दुसरं कोण आहे? बँकेतला साहेब दर तीन वर्षांनी बदलतो, पतसंस्थेचा मॅनेजर तुमच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा असतो. पण ठेव ठेवताना विचारायचं ते वेगळंच. बँक बुडाली, मग ती राष्ट्रीयीकृत असो की नागरी सहकारी, तर ठेव विमा महामंडळ माणशी ५ लाखांपर्यंत पैसे देतं, मुद्दल आणि व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा नाही. पतसंस्थेवर देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं की लोकांना संस्था मोठी आणि सुरक्षित वाटते. तसं काही नसतं. नोंदणी राज्याऐवजी केंद्राच्या निबंधकाकडे आहे एवढाच त्याचा अर्थ, विमा तिथेही नाही.

माझ्या मामांचे निवृत्तीचे पैसे असेच एका पतसंस्थेत अडकले होते. नाव सांगत नाही. ती अडचणीत आली तरी कित्येक महिने कार्यालय रोज उघडत होतं, रविवारीसुद्धा. काउंटरवर ओळखीचा मुलगा असायचा, ‘बसा मामा’ म्हणून चहा द्यायचा. पैसे तेवढे नव्हते. मामा दर रविवारी जात, चहा घेत आणि परत येत.

आणि जिथे रिझर्व्ह बँकेची नजर असते तिथेही पैसे अडकतात, हे आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया सहकारी बँकेतून पैसे काढणं आधी पूर्णच थांबवलं. पुढे दोन्ही बँका दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या. मागे विमा होता, विलीन करून घ्यायला कुणी होतं, तरी लोकांची अशी दैना झाली. ज्याच्यामागे यातलं काहीच नाही, तिथे नऊ लाख ठेवताना हात थरथरला पाहिजे.

आता व्याजाचं बघू, कारण खरा मोह तिथे आहे. साडेनऊ टक्क्यांनी नऊ लाखांवर वर्षाला ८५,५०० रुपये, बँकेच्या साडेसहाने ५८,५००. फरक २७,००० चा. दुकानदाराला हा आकडा लहान वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण तुमचं वय ६१ आहे आणि पत्रात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा उल्लेखच नाही, याचं आश्चर्य वाटलं. पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ती मिळते. साठी ओलांडलेल्या माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी हातात, आणि मागे केंद्र सरकार. हे उत्तर लिहिताना दर ८.२ टक्के आहे. नऊ लाखांवर वर्षाला ७३,८०० रुपये, म्हणजे तिमाहीला १८,४५०. आता पतसंस्थेशी फरक उरला ११,७०० चा, महिन्याला हजाराच्याही आत. तेवढ्यासाठी रात्रीची झोप विकायची का, हे तुम्हीच ठरवा. मी विकणार नाही.

अडचण एकच, ठेव मध्येच मोडली तर कापून घेतात. पहिल्या वर्षाच्या आत मोडली तर व्याज काहीच मिळत नाही, दुसऱ्या वर्षात दीड टक्का जातो, नंतर एक टक्का. म्हणून नऊ लाख एकाच खात्यात घालू नका. महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन-तीन लाखांची तीन खाती करा. पुढे कधी गरज पडली तर एकच मोडेल, बाकी दोन चालू राहतील. आणि बँकेतली ठेव आज मोडायला जाऊ नका, दोन महिने थांबा.

पत्रात तुम्ही टेम्पोच्या हप्त्याचं ओझरतं लिहिलं आहे. माझं लक्ष नेमकं तिथे अडलं. १ ऑगस्ट २०२१ पासून कर्जाचे हप्ते, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचे हप्ते हे सगळं सुट्टीच्या दिवशीही खात्यातून कापलं जातं. आधी रविवार आला की हप्ता सोमवारवर जायचा, ती सवलत संपली. आता कॅलेंडर काढा. १० तारीख रविवारी आली तर ९ तारीख शनिवारी, आणि महिन्यातला तो दुसराच शनिवार असतो, नेहमी. म्हणजे बँक दोन दिवस बंद आणि हप्ता मात्र रविवारी कापला जाणार. रोख भरायची असेल तर ८ तारखेच्या शुक्रवारी भरायला हवी. ज्यांचा हप्ता २५ तारखेला असतो त्यांचंही तसंच, कारण २४ तारखेचा शनिवार चौथा. तुमच्या खात्यात तीन लाख असतात तोवर घोर नाही. पण ‘सगळं पतसंस्थेत’ या बेतात ते तीन लाखही उचलले असते, तर असा एखादा रविवार आला की हप्ता परत गेला असता. मग वित्त कंपनीचा दंड, बँकेचा दंड, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग.

हे दोन शनिवार सप्टेंबर २०१५ पासून बंद झाले, त्याआधी सगळेच शनिवार अर्धा दिवस चालायचे. मार्च २०२४ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांनी पाच दिवसांच्या आठवड्यावर एकमत केलं, सरकारच्या मंजुरीची अट ठेवून. उद्या ते लागू झालं तरी तुमच्या गणितात फारसा फरक पडत नाही. बँक बंद असते ती नोटांसाठी आणि सह्यांसाठी. खात्यातून खात्यात पैसे पाठवायचे तर एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, रविवारीही चालतं. सांगलीच्या ठोक व्यापाऱ्याला रविवारी रात्री दहा वाजता पैसे देता येतात. तुमचा मुलगा सांगतो त्यात एवढं तथ्य आहे.

बाकीच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. ‘बँक हवीच कशाला’ हे पुण्यात पगार खात्यावर येणाऱ्याने म्हणावं. तुमच्या बाजारात मेथीची पेंडी विकून आलेली बाई नोटच देणार, आणि त्या नोटेला कुठेतरी जावं लागणार.

फोनचा भरवसा नाही म्हणता, तर भरवसा ठेवू नका, कुंपण घाला. दुकानाच्या क्यूआर कोडसाठी वेगळं चालू खातं उघडा. बचतीचे तीन लाख ज्या खात्यात आहेत ते फोनच्या ॲपला जोडूच नका. याला फसवणुकीपलीकडचंही कारण आहे. कुठल्यातरी गिऱ्हाइकाने चोरीच्या पैशातून तुमच्याकडे तीनशे रुपयांची साखर घेतली आणि पुढे सायबर पोलिसांत तक्रार झाली, तर ते पैसे ज्या खात्यात पोचले ते खातं गोठवलं जाऊ शकतं. दुकानदारांवर हे प्रसंग आले आहेत. गोठलंच तर त्यात चार दिवसांचा गल्ला असावा, हप्त्याचे पैसे नसावेत. आठवड्याच्या शेवटी जमेल ती रक्कम त्या खात्यातून काढून बचतीत टाका. पैसे ‘घ्यायला’ पिन कधीच लागत नाही, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला, अगदी सौ.नासुद्धा, दहादा सांगा. गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं चित्र पाहून माल देऊ नका, आपल्या स्पीकरवर रक्कम ऐकू आली तरच द्या. आणि काही विपरीत घडलं तर १९३० या नंबरावर लगेच फोन, सोमवारी बँक उघडायची वाट न बघता.

चालू खातं म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. आठवड्याला साठ हजार रोख म्हणजे वर्षाला ३१ लाखांच्या वर. बचत खात्यात वर्षभरात १० लाखांहून जास्त रोख भरली की त्याची माहिती आयकर खात्याकडे जाते. चालू खात्याला ही मर्यादा ५० लाख आहे. पैसा तुमचा सरळ आहे, पण नोटीस आली की सरळ माणसालाही तासगाव-सांगली हेलपाटे पडतात. जाता जाता, फोनवर पैसे घेतल्याने जीएसटी लागतो हा समज डोक्यातून काढा. जीएसटी विक्रीवर असतो, ती रोखीत होवो की फोनवर. आयकरात तर उलट आहे: लहान व्यापाऱ्याचा नफा रोख विक्रीवर ८ टक्के आणि डिजिटल विक्रीवर ६ टक्के धरता येतो.

आता पतसंस्थेचं, म्हणजे रविवारच्या रात्रीचं. तिथे बचत खातं ठेवा. रविवारी रात्री गल्ला भरा आणि सोमवार-मंगळवारी काढून तालुक्याच्या बँकेत चालू खात्यावर भरा. मोठी रोख भरताना पॅन लागू शकतो, तो जवळ असू द्या. तिथली शिल्लक एका लाखाच्या वर कधी जाऊ देऊ नका, अगदी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणूनसुद्धा. पिग्मी चालू असेल तर तीही या लाखातच धरा, मशीनची पावती रोज घ्या आणि पासबुकातली नोंद महिन्याला कार्यालयात जाऊन ताडून बघा. तुम्ही सभासद असाल, तर वार्षिक अहवाल मागून घ्या. लेखापरीक्षणात वर्ग ‘अ’ मिळाला आहे की घसरला आहे, आणि थकीत कर्ज मागच्या वर्षापेक्षा वाढलं का, या दोन ओळी वाचल्या तरी पुरे. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तो लाखही काढून घ्या आणि चहा घरी प्या.

सौ.ना सांगा, घरात पंचवीस हजार असू द्यात. १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर यूपीआय कोलमडलं होतं. तो शनिवार होता, आणि तोही दुसरा: फोन बंद, बँकही बंद. ज्याच्या घरात नोटा होत्या त्याला दवाखाना आणि पेट्रोल मिळालं. पण पंचवीसच, बाजारचे सत्तर उशाखाली नकोत. आणि सगळ्या पाचशेच्या नकोत. दहा हजार तरी शंभर-दोनशेच्या नोटांत, कारण रात्री औषधाच्या दुकानात सुट्टे कुणाकडेच नसतात.