नवी गॅलॅक्टिका: पहिल्या तीन तासांनंतर पडलेले प्रश्न

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ दोनदा झाली. ग्लेन लार्सन यांची मूळ मालिका १९७८-७९ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर लागली आणि एका सीझनमध्येच आटोपली. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांची नवी आवृत्ती ८ आणि ९ डिसेंबर २००३ रोजी दोन भागांची लघुमालिका म्हणून साय-फाय चॅनलवर आली, पुढे तिची पूर्ण मालिका झाली आणि ती मार्च २००९ पर्यंत चालली. मूळ मालिका आवडलेल्या आणि नवी नुकतीच पाहायला घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पुढची मोठी रहस्यं फोडलेली नाहीत, तेव्हा निर्धास्त वाचा.

प्रश्न: लघुमालिकेचा पहिला भाग पाहिला. सगळं अंधारलेलं, कुणी हसत नाही, लढाई व्हायला तासभर लागतो. जुन्या मालिकेतली मजा कुठे गेली? पुढे पाहू की सोडू?

सोडू नका, पण मत इतक्यात बनवू नका. दोन्ही भाग मिळून सुमारे तीन तास होतात. ते संपवा, त्यापुढचा ‘३३’ हा भाग पाहा आणि मग ठरवा. तिथवर पाहूनही मन लागलं नाही, तर पुढे लागण्याची शक्यता कमीच, कारण मालिकेचा स्वभाव तोच राहतो.

मजा गेली ती चुकून नव्हे. दोन्ही मालिकांचा सांगाडा एकच आहे: सायलॉन या यंत्रांनी मानवाच्या बारा वसाहती नष्ट केल्या, एक म्हातारी युद्धनौका उरलीसुरली जहाजं गोळा करून पळते आहे आणि पृथ्वी शोधते आहे. पण १९७८ च्या सलामीच्या भागात या महासंहारानंतर थोड्याच वेळात वाचलेली माणसं कॅरिलॉन ग्रहावरच्या जुगारखान्यात पोचतात. तिथे जेवणावळी आहेत, गाणी आहेत, जिंकलेल्या पैशांचे ढीग आहेत. रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहायची मालिका होती ती, एवढा उतारा तिला हवाच होता. नव्या मालिकेने तोच काढून टाकला. अब्जावधी माणसं मेली आहेत, तर उरलेल्यांना पहिल्या आठवड्यात कसं वाटेल, या एकाच प्रश्नाला ती धरून बसते.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग नीट पाहा. लॉरा रॉसलिन ही शिक्षणमंत्री. वारसाक्रमात ती त्रेचाळिसावी, पण वरचे सगळे गेल्यामुळे आता राष्ट्राध्यक्ष झालेली. जहाजांची पाहणी करताना घुमटाखाली बाग असलेल्या एका जहाजावर तिला कॅमी नावाची छोटी मुलगी भेटते. आईवडील न्यायला येणार आहेत, असं ती मुलगी सांगते. थोड्याच वेळात शत्रू ताफ्याला गाठतो. प्रकाशापेक्षा वेगाने झेप घेण्याची यंत्रणा नसलेली जहाजं मागे ठेवून निघायचं, असा निर्णय रॉसलिनला घ्यावा लागतो. बागेचं जहाज त्यातलंच एक. रेडिओवर मागे राहिलेल्यांचा आक्रोश ऐकू येतो आणि कॅमेरा पुन्हा त्या मुलीवर जातो. कुणी भाषण ठोकत नाही, संगीतही रडवायला धावून येत नाही. हा प्रसंग तुम्हाला क्रूर वाटला तर ते बरोबरच आहे. उगाचच क्रूर वाटला, तर मात्र ही मालिका तुमच्यासाठी नाही.

‘३३’ मध्ये हीच रीत आणखी आवळली आहे. सायलॉन दर ३३ मिनिटांनी हजर होतात, ताफा दर वेळी झेप घेऊन निसटतो, आणि आपण पाहायला लागतो तेव्हा २३७ झेपा होऊन गेलेल्या असतात. गुणाकार केला तर सुमारे १३० तास, म्हणजे पाच दिवसांहून जास्त काळ कुणाला झोप नाही. दाढी वाढलेली, बोलताना शब्द हरवतात, साध्या चुका होतात. पूर्ण भागाचा ताण एका घड्याळावर उभा केला आहे. या भागाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि तो वाजवीच होता.

प्रश्न: चित्र सारखं हलतं, रवाळ दिसतं, अंतराळातली जहाजं मध्येच धूसर होतात. दोष आमच्या टीव्हीचा की मालिकेचा?

बराचसा हेतुपुरस्सर आहे, पण टीव्ही त्यात भर घालत असणार.

आधी हेतू समजून घ्या. प्रसंग हातात धरलेल्या कॅमेऱ्याने, बातमीपटासारखे टिपले आहेत. अंतराळातली दृश्यं संगणकावर बनवलेली असूनही त्यांना तीच शिस्त लावली आहे: कॅमेरा जहाज शोधतो, उशिरा सापडलं की झपकन झूम करतो, फोकस किंचित चुकतो, मग जागेवर येतो. तिथे खराच कुणी छायाचित्रकार उभा आहे असा भास त्यातून होतो. मूळ मालिकेत जॉन डायकस्ट्रा यांच्या चमूने प्रत्यक्ष मॉडेल वापरून केलेली दृश्यं स्वच्छ आणि स्थिर होती, पण महाग असल्यामुळे तीच तीच पुन्हा वापरली जात. व्हायपरचं (माणसांचं छोटं लढाऊ यान) तेच उड्डाण, रेडरचा (सायलॉनांचं लढाऊ यान) तोच स्फोट. मूळ मालिकेच्या चाहत्यांना ते पाठ असेल.

आता टीव्हीचं. पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडा. मग मोशन स्मूदिंग बंद करा (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, नावात बहुधा ‘मोशन’ असतं). सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रात टीव्ही स्वतःच्या कल्पनेने जादा चौकटी घुसवतो. हलत्या कॅमेऱ्यात त्याचा अंदाज चुकतो आणि डोक्याभोवती, हाताभोवती थरथरती कड दिसते. दुसरं, नॉइज रिडक्शन शून्यावर आणा. इथला रवाळपणा मुद्दाम ठेवलेला आहे. टीव्ही तो पुसायला गेला की चेहरे मेणाचे होतात. तिसरं, शार्पनेस कमी करा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा, नाहीतर गॅलॅक्टिकाच्या नियंत्रण कक्षातल्या सावल्या सरळ काळ्या होऊन जातात. एवढं करूनही अंधाऱ्या भागात चौकोनी ठिपके दिसत असतील, तर स्ट्रीमिंगचा वेग कमी पडतो आहे. रवाळ चित्राला डेटा जास्त लागतो. डिस्कवर हा त्रास बराच कमी होतो.

जुनी मालिका पाहताना उलटी काळजी घ्या. तिचं चित्र ४:३ आहे. पडदा भरावा म्हणून ताणू नका, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

प्रश्न: ढोल कानठळ्या बसवतात आणि संवाद ऐकूच येत नाहीत.

दोन स्पीकरच्या टीव्हीवर ५.१ चा (म्हणजे सहा स्पीकरांसाठी वाटून दिलेला) आवाज लावला की हे होतं. संवाद मधल्या चॅनलवर असतात आणि दोन स्पीकरांत मिसळताना दबले जातात. ऑडिओ मेनूत स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या, नसेल तर ‘नाइट मोड’ चालू करा. सबटायटल लावायला लाजू नका. नियंत्रण कक्षात तिघेचौघे एकदम बोलतात, तो गलका हवाच आहे. अंतराळात तोफा दबक्या वाजतात तोही बिघाड नव्हे.

प्रश्न: स्टारबकला बाई का केलं? नावीन्याचा हव्यास नाही का हा?

२००३ मध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा याच गोष्टीवर झाला, आणि पाहताना सगळ्यात लवकर विसरली जाते ती हीच. नव्या मालिकेत ‘स्टारबक’, ‘अपोलो’, ‘बूमर’ ही वैमानिकांची रेडिओवरची टोपणनावं आहेत. माणसं वेगळी आहेत: कॅरा थ्रेस, ली अडामा, शॅरन व्हॅलेरी. मूळ मालिकेतला डर्क बेनेडिक्टचा स्टारबक सिगार ओढणारा, पत्ते खेळणारा, गोड बोलून सुटणारा होता. केटी सॅकहॉफच्या कॅराकडे सिगार आहे, पत्तेही आहेत, पण बेफिकिरीची किंमत ती स्वतः मोजते. वरिष्ठ अधिकाऱ्याला ठोसा मारते आणि कोठडीत जाते.

खरा बदल दुसरीकडे आहे आणि त्यावर फारसं कुणी बोललं नाही. मूळ मालिकेत सायलॉन ही एका सरपटणाऱ्या परग्रहवासी जातीची निर्मिती होती आणि काउंट बाल्टर (जॉन कोलिकोस) जाणूनबुजून फितूर झालेला खलनायक. नव्या मालिकेत सायलॉन माणसानेच बनवले, राबवले, आणि ते उलटले. परग्रहवासी मुळीच नाहीत. जेम्स कॅलिसचा गायस बाल्टर बुद्धिमान, गर्विष्ठ आणि भित्रा आहे. एका स्त्रीच्या नादी लागून तो तिला संरक्षण खात्याच्या संगणकांत शिरकाव करू देतो, आणि ती सायलॉन आहे हे त्याला फार उशिरा कळतं. म्हणजे आपत्ती बाहेरून आली नाही, घरातूनच उगवली. या एका बदलामुळे पुढची प्रत्येक गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. लष्कर विरुद्ध नागरी सरकार, कैद्याला कसं वागवायचं, शत्रूला जीव आहे का, हे सगळे वाद त्यातूनच निघतात. रिमेक जोखायचा तर या बदलावर जोखा, स्टारबकवर नको.

प्रश्न: झेप घेणारं अंतराळयान आणि त्यात वायरचे फोन? हे बजेट वाचवणं तर नव्हे?

नाही, कथेची किल्लीच ती आहे. गॅलॅक्टिका चाळीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या सायलॉन युद्धातली. तेव्हा शत्रू संगणकाच्या जाळ्यात शिरत असे, म्हणून तिचे संगणक एकमेकांना जोडलेलेच नाहीत आणि कमांडर अडामा (एडवर्ड जेम्स ओल्मोस) ते जोडू देत नाही. नवी जहाजं बाल्टरच्या दिशादर्शक प्रणालीवर चालतात आणि तिच्यात शत्रूने चोरवाट ठेवली आहे. पहिल्याच चकमकीत नवे मार्क-७ व्हायपर हवेत दिवे विझावेत तसे बंद पडतात. उडतात ते जुने मार्क-२, संग्रहालयात मांडायला पुसूनपासून ठेवलेले. जहाज निवृत्त होऊन संग्रहालय बनणार होतं, त्यामुळे दारूगोळाही उतरवलेला. तो मिळवायला रॅग्नार तळावर जाणं आलं. एकेक अडचण अशी आधीच्या गोष्टीतून निघते.

उड्डाणाचं भौतिकशास्त्रही बरंच सांभाळलं आहे. व्हायपर छोट्या थ्रस्टरांनी जागच्या जागी गिरकी घेऊन, पुढे जाता जाता मागे गोळ्या झाडतो. शस्त्रं गोळ्या आणि क्षेपणास्त्रांची, लेझरची नाहीत. कृत्रिम गुरुत्वाकर्षण कसं येतं, याबद्दल मात्र मालिका गप्प बसते.

प्रश्न: शीर्षकगीतात गायत्री मंत्र ऐकू आला. भास झाला का?

भास नव्हे, मंत्रच आहे. ब्रिटनमध्ये मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये, अमेरिकेच्या तीन महिने आधी लागली, तेव्हापासून तो आहे. अमेरिकेत पहिल्या सीझनला वेगळं संगीत होतं. एक सावधगिरी बाळगा: मंत्रानंतर ढोल सुरू होतात तेव्हा त्याच भागातली दृश्यं भराभर दाखवतात. कथा आधी कळायला नको असेल तर तेवढे क्षण नजर वळवा. आणि स्टू फिलिप्स यांची १९७८ ची जुनी धून पूर्ण हद्दपार झालेली नाही. लघुमालिकेत निवृत्तीच्या समारंभात विमानं डोक्यावरून जातात तेव्हा कान द्या.

प्रश्न: पाहण्याचा क्रम कोणता? यादीत बरंच काही दिसतं.

पहिली लघुमालिका. ती अनेक ठिकाणी वेगळ्या नावाखाली ठेवलेली असते, म्हणून लोक थेट ‘३३’ पासून सुरुवात करतात आणि ही माणसं कोण, हेच त्यांना कळत नाही. मग सीझन १ आणि २. दुसऱ्या सीझनमधला ‘पेगॅसस’ लांब प्रतीत मिळाला तर तोच घ्या. तिसऱ्याआधी ‘द रेझिस्टन्स’ हे छोटे वेबभाग आहेत, वेळ नसेल तर वगळा. ‘रेझर’ हा २००७ चा चित्रपट तिसरा सीझन संपल्यावर पाहा. त्यातली कथा दुसऱ्या सीझनच्या काळातली असली तरी शेवटचा धागा चौथ्याला जोडलेला आहे. मग चौथा सीझन. ‘द प्लॅन’ हा चित्रपट अगदी शेवटी, त्याआधी पाहिला तर रहस्यांचा चुराडा होतो. ‘कॅप्रिका’ ही वेगळी मालिका कथेच्या काळानुसार आधीची म्हणून आधी पाहण्याचा मोह होईल, तो टाळा.

जुन्या मालिकेचंही एक सांगून ठेवू. तिच्या सलामीच्या भागाची कापून छोटी केलेली चित्रपटगृहातली आवृत्ती आहे आणि तिच्यात बाल्टर मारला जातो. ती पाहून मालिकेकडे वळलात तर पुढे तो जिवंत कसा, हा प्रश्न पडणारच. टीव्हीची तीन तासांची प्रत घ्या.

प्रश्न: जुन्या मालिकेतलं कुणी नव्या मालिकेत दिसतं का?

हो. मूळ अपोलो, म्हणजे रिचर्ड हॅच. ते या रिमेकच्या विरोधात होते, जुनीच कथा पुढे न्यावी यासाठी त्यांनी बरीच वर्षं खटपट केली होती. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात ते टॉम झॅरेक हा राजकीय कैदी होऊन येतात आणि पुढेही येत राहतात. त्या भागात नवा अपोलो त्यांच्या समोर बसून वाटाघाटी करतो.