मूक सिनेमा आजच्या माणसाला बघवतो का? कोणता बघावा?

बघवतो की! सरळ 'वे डाउन ईस्ट' लावा. १९२० चा अमेरिकन सिनेमा, डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्या दिग्दर्शकाचा, अडीच तासांच्या आसपास आहे, नेटवर फुकट मिळतो.

ॲना नावाची गरीब पोरगी, घरात पैसा संपला म्हणून आई तिला बोस्टनच्या श्रीमंत नातेवाइकांकडं मदत मागायला पाठवते. तिथं बापाच्या पैशावर ऐश करणारा सँडरसन तिच्याशी खोटंच लग्न लावतो, वर सांगतो की बाप पैसे बंद करील, कुणाला बोलू नको. दिवस गेल्यावर कळतं की लग्न झालंच नव्हतं. आई मरते, लेकरू जन्मतं ते पण जातं, घरमालकीण नवरा कुठंय म्हणत बाहेर काढते. पुढं एका शेतकऱ्याच्या घरी काम मिळतं, तिथल्या पोराचा, डेव्हिडचा, तिच्यावर जीव बसतो आणि शेजारचा जमीनदार कोण तर तोच सँडरसन.

मी बीडकडचा. आमच्याकडं सोयरीक निघाली की पोरीची चौकशी गल्लीत, कॉलेजात, मामाच्या गावापर्यंत होते, पोराची मात्र शेती किती अन् नोकरी काय एवढीच. म्हणून मला तो सीन लई लागला. गावातली चहाडखोर बाई ॲनाला लग्नावाचून लेकरू झाल्याची बातमी आणते, म्हातारा शेतकरी ॲनाला भर बर्फाच्या वादळात घराबाहेर काढतो, आणि सँडरसन त्याच टेबलावर मानाचा पाव्हणा म्हणून जेवायला बसलेला! ती त्याच्याकडं बोट करून विचारते, माझी एवढी माहिती काढली, मग ह्याची का नाही काढली? शंभर वर्षं झाली तरी ह्याला कुणाकडं उत्तर नाही.

ॲनाचं काम केलेल्या लिलियन गिशसाठी तरी बघाच. लेकरू वाचत नाही कळल्यावर ती एकटीच त्याचा बाप्तिस्मा करते, तिथं नुसता चेहरा बोलतो. शेवटी वाहत्या बर्फाच्या लादीवर बेशुद्ध पडलेली दिसते ना, त्यात हात अन् केस पाण्यात सोडायची आयडिया तिचीच, आणि त्या थंडीनं हाताला कायमचा त्रास झाला.

मधले गावाकडचे विनोदी सीन रेंगाळतात, ते पुढं ढकलले तरी चालतील. मधेमधे संवाद लिहून येणाऱ्या पाट्या इंग्रजीत आहेत, माझ्या मायला मी त्या मराठीत सांगत होतो तर अर्ध्यात म्हणली गप बस, कळतंय मला. फक्त कॉपी स्वच्छ बघून घ्या, पुसट कॉप्यांत तिचे डोळेच दिसत नाहीत.