जुना एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) सर्व्हर एलपारमध्ये (मोठ्या मशीनचा वेगळा केलेला व्हर्च्युअल भाग) न्यायचाय, एमकेसिसबी (सिस्टिमचा बूट होणारा बॅकअप) रिस्टोर केलं की झालं का?

तुम्ही लिहिलंय की आयबीएम पॉवर5 चा जुना डबा आहे, एआयएक्स 6.1, रूटव्हीजी (ज्यात ओएस असते तो डिस्कचा गट) आतल्या दोन डिस्कवर मिरर, म्हणजे दोन्हीवर तीच कॉपी, आणि नव्या पॉवर8 वर व्हीआयओएसखाली (डिस्क आणि नेटवर्क एलपारना वाटून देणारा सर्व्हर) एक एलपार मिळालाय. जवळपास असंच काम मी इथे सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात केलंय. इमेज उचलून नेणं हा सोपा भाग आहे हो, डोकं खातात त्या जुन्या लोखंडाला चिकटून बसलेल्या गोष्टी.

आधी 'ओएसलेव्हल -एस' चालवा आणि तुमची टीएल-सर्व्हिस पॅक (ओएसची अपडेट पातळी) पॉवर8 ला चालणाऱ्या यादीत बसते का बघा. नसेल बसत तर अपडेट जुन्या डब्यावरच उरकायचं, पण त्याआधी मिरर तोडून मोकळ्या झालेल्या डिस्कवर 'ऑल्ट डिस्क कॉपी' (चालू सिस्टिमची दुसऱ्या डिस्कवर नक्कल) घेऊन ठेवा, बिघडलं तर तिथून बूट करता येतं. मग 'एलएसएलपीपी'ने व्ही-डिव्हाइसचे फाइलसेट (एआयएक्सचे सॉफ्टवेअर पॅकेज) आहेत का बघा, म्हणजे व्हर्च्युअल स्कझी आणि व्हर्च्युअल इथरनेटचे. सुरुवातीला इन्स्टॉल करणाऱ्याने सगळे ड्रायव्हर टाकले नसतील तर हे नसतात, आणि मग रिस्टोर करताना एलपारला डिस्कच दिसत नाही. निम सर्व्हर (नेटवर्कवरून एआयएक्स इन्स्टॉल करणारा) असेल तर त्याच लेव्हलचा स्पॉट (नेटवर्कवरून बूट करायच्या फाइली) आणि एलपीपी-सोर्स (इन्स्टॉलचे पॅकेज) लावून हे सुटतं.

आता मिररचं. एलपारला तुम्ही एकच लून (स्टोरेजमधून दिलेली डिस्क) देणार, पण इमेजमध्ये दोन कॉपी लिहिलेल्या, त्यामुळे रिस्टोर जागेवरून अडतं. वर म्हटल्याप्रमाणे मिरर तोडूनच एमकेसिसबी घेतली तर प्रश्नच नाही. मी शहाणपणा केला, मिरर तसाच ठेवला, इमेज डॉट डेटा फाइलमध्ये (रिस्टोरला डिस्कची मांडणी सांगणारी) कॉपीज 2 चं 1 केलं, पीपीचे (डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे) आकडेही जुळवले आणि नंतर सवयीने एमकेसिसबीला '-आय' लावलं. त्या '-आय'ने फाइल नव्याने बनते, माझे बदल गेले, आणि हे मला रात्री अडीचला रिस्टोर पडल्यावर कळलं. फाइल हाताने बदलली असेल तर '-आय' लावायचं नाही.

एमकेसिसबीत फक्त रूटव्हीजी येते हे माहीत असेलच. डेटा सॅनवर (बाहेरच्या सामायिक स्टोरेजवर) असेल तर त्या डिस्कच्या गटाचं व्हॅरीऑफ (बंद करणं), एक्स्पोर्ट, झोनिंग (कुठल्या सर्व्हरला कुठलं स्टोरेज दिसेल ते) बदलून नव्या बाजूला इम्पोर्ट, कॉपी करायची गरजच नाही. आतल्या डिस्कवर असेल तर सेव्हव्हीजीने त्या गटाचा बॅकअप.

ट्रायल रिस्टोरच्या वेळी एलपार वेगळ्या व्हीलॅनवर (तोडून ठेवलेलं नेटवर्क) टाका, कारण तो जुन्याच आयपीने उठू शकतो आणि जुना सर्व्हर तर अजून चालू असतो. आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा)! उठल्या उठल्या क्रॉन सुरू होतो, नेटवर्क खुलं असेल तर पार्ट्यांना डिस्पॅचचे मेल दोनदा जातील, मग फोन घेत बसा.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो लायसन्सचा. आमचा ईआरपी (कारखान्याचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) 'युनेम -एम' ने दिसणाऱ्या मशीनच्या नंबरला बांधलेला होता, नव्या मशीनवर तो नंबर बदलतो, सोमवारी सकाळी लॉगिन बंद, आणि नवी की मिळेपर्यंत गेटवर तीन गाड्या चलनासाठी उभ्या. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला आजच मेल टाका, माल हलवायच्या दिवशी नाही.

सीपीयू म्हणाल तर पहिले जुन्या डब्याइतके दोन कोर मागू नका, अर्धा कोर एंटायटलमेंट (हमखास मिळणारा वाटा), अनकॅप्ड (मोकळा असेल तर जास्तही वापरता येतो), दोन व्हर्च्युअल प्रोसेसर एवढ्यावर सुरू करा आणि 'एलपारस्टॅट'मध्ये फिजसी (खरोखर वापरलेले कोर) बघत वाढवा.

शेवटचं, सिरीयल पोर्टवर काही लटकलंय का तेही बघून या, मागच्या बाजूला वाकून. आमच्याकडे चलनाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिथे होता, एलपारला कुठला आलाय तसला पोर्ट, मग नेटवर्कवाला प्रिंट सर्व्हर आणून त्याला जोडला, आणि स्टोअरवाले काका अजून म्हणतात की आधी कागद सरळ यायचा.