शेक्सपियर्स सिस्टरचं 'स्टे' आवडलं, तर त्यांचा पहिला अल्बम ऐकावा का?

शेक्सपियर्स सिस्टर म्हणजे शिव्हॉन फाही आणि मार्सेला डेट्रॉइट या दोन गायिकांचा पॉप ग्रुप. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'स्टे' आवडणाऱ्याने त्यांचा पहिला अल्बम 'सेक्रेड हार्ट' ऐकावा का, आणि त्याला दोघींचा अल्बम म्हणायचं की शिव्हॉनचा एकटीचा, ज्यावरून तुमचा मित्राशी वाद चाललाय? दुसऱ्याचं आधी सांगतो, पहिल्याचं उत्तर त्यातच निघेल.

(नावाचा उच्चार शिव्हॉन. आयरिश नाव आहे. कॅसेटवरचं स्पेलिंग बघून मी कित्येक वर्षं 'सिओभान' म्हणत होतो, आणि तेही चारचौघांत, ठासून.)

शिव्हॉन मूळची बनानारामा या ब्रिटिश पॉप ग्रुपची. 'व्हीनस' गाणाऱ्या त्या तिघी मुली. त्यांचं गाणं नीट ऐकलंत तर कळेल की त्या तिघी बहुतेक वेळा एकाच सुरात गातात. हार्मनी वगैरे फारसं नाही, तिघींचा मिळून एक आवाज. त्यात मजा होतीच, पण त्यातली शिव्हॉन कोणती हे ओळखून दाखवा! पुढे स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या निर्मात्यांच्या हातात गेल्यावर गाणी साच्यातून काढल्यासारखी यायला लागली आणि तिचं मन उडालं. 1988 च्या सुरुवातीला तिने ग्रुप सोडला. गाजत असलेला ग्रुप, हे विसरू नका.

नवीन नाव घेतलं ते स्मिथ्स या बँडच्या एका गाण्यावरून. त्या नावामागे इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ: शेक्सपियरला त्याच्याइतकीच हुशार बहीण असती तर तिचं काय झालं असतं, हा तिचा प्रसिद्ध सवाल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ई' आणि अपॉस्ट्रॉफी गळलीय, ती चूक शिव्हॉनने तशीच ठेवली.

तर हे नाव सुरुवातीला तिचं एकटीचंच होतं. मार्सेला डेट्रॉइट आली ती गाणी लिहायला. मार्सेला काही नवखी नव्हती. प्रसिद्ध गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं 1977 चं 'ले डाउन सॅली' लिहिणाऱ्यांत ती आहे, तेव्हाचं नाव मार्सी लेव्ही. पण लोकांना तिचा चेहरा माहीत नव्हता. म्हणजे एकीकडे जिला सगळे ओळखतात पण आवाज वेगळा काढता येत नाही ती, आणि दुसरीकडे जिचा आवाज थक्क करतो पण ओळखत कोणी नाही ती.

'सेक्रेड हार्ट' 1989 मध्ये आला. एका बाईचा अल्बम हळूहळू दोघींचा होत जातो, तो माझ्या मते यात ऐकू येतो. 'हिरोइन' ऐका. सगळा भार शिव्हॉनवर. खर्जातला, थोडा घोगरा, बोलल्यासारखा आवाज, आणि बनानारामात तो लपलेला होता यावर विश्वास बसत नाही. मग 'यू आर हिस्ट्री' लावा. शिव्हॉन खाली, जवळजवळ कुजबुजत टोमणे मारतेय, आणि अचानक मार्सेला तार सप्तकात अशी काही चढते की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेपचा स्पीड बिघडला असं वाटून डेक बंद केला होता. ब्रिटनमध्ये हे गाणं सातव्या नंबरपर्यंत गेलं. आणि त्यानंतर ही एकटीची गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तुमचा वाद घालणारा मित्र आणि तुम्ही, दोघंही अर्धे बरोबर आहात.

'स्टे' (1992, ब्रिटनमध्ये सलग आठ आठवडे पहिला नंबर) याच जोडणीवर उभं आहे, फक्त पारडं उलटलंय. तिथे बहुतेक गाणं मार्सेलाचं, आणि शिव्हॉन मध्येच येते, व्हिडिओत मृत्यूच्या रूपात जिन्यावरून उतरते तशी. केबलवर एमटीव्ही नुकतं आलेलं असताना आमच्या घरी हा व्हिडिओ लागला की आजी म्हणायची, "ती काळी बया आली, बदला." मी बदलायचो नाही.

आता, ऐकावा का? ऐकावा, पण 'स्टे'सारखं दुसरं काही मिळेल या आशेने नको. निम्मा अल्बम त्या काळच्या ड्रम मशीनचा आहे आणि काही गाणी आज सपाट वाटतात. 'रन सायलेंट' आणि 'डर्टी माइंड' ही पुढची सिंगल्स चार्टवर आपटली. 'डर्टी माइंड'चं मला फारसं दुःख नाही, 'रन सायलेंट'चं आहे. ते रात्री ऐका, हेडफोन लावून. शिव्हॉनच्या आवाजाच्या मागे मार्सेला कुठे कुठे हळूच येऊन जाते ते मोबाईलच्या स्पीकरवर कळणार नाही.

सलग पूर्ण अल्बम जमला नाही तर ही तीनच लावा: 'हिरोइन', 'यू आर हिस्ट्री', 'रन सायलेंट'. याच क्रमाने.